ब्विंडीचे गोरिला: रानातल्या कुटुंबांना माणसाची सवय लावावी का?

डोंगरवाट

युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ब्विंडीच्या जंगलात जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णने पुष्कळ वाचायला मिळतात आणि त्यांतील बहुतेक परवान्याचे शुल्क, चिखल आणि चंदेरी पाठीच्या नराचे पहिले दर्शन येथपर्यंत येऊन थांबतात. मला मात्र तेथून परतल्यापासून एक प्रश्न सोडत नाही. दीडशे-दोनशे किलो वजनाचा, कुटुंबावर संकट आले तर प्राण पणाला लावणारा हा प्राणी आठ अनोळखी माणसे दहा मीटरवर येऊन उभी राहिली तरी पाला खाणे थांबवत नाही, यामागे काही माणसांनी वर्षानुवर्षे घेतलेली मेहनत आहे. ती मेहनत कशी घेतली जाते आणि मुळात घ्यावी की नाही, यावर जाणकारांशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

पर्वतीय गोरिला आज जगात केवळ दोन ठिकाणी आढळतात. एक म्हणजे रवांडा, युगांडा आणि काँगो या तिन्ही देशांत पसरलेली विरुंगा ज्वालामुखींची रांग, आणि दुसरे म्हणजे ३३१ चौरस किलोमीटरचे ब्विंडी, जे १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दोहोंमधील अंतर फारसे नाही, परंतु मधल्या डोंगरउतारांवर वीतभर जमीनही पडीक ठेवलेली नाही, त्यामुळे एकीकडचा गोरिला दुसरीकडे जाऊ शकत नाही. विरुंगात १९८० च्या दशकाच्या आरंभी जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेत ते ६०४ भरले आणि २०१८ मध्ये ब्विंडीत ४५९ मोजले गेले, म्हणजे दोन्हीकडचे मिळून १०६३. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, त्यांना अतिसंकटग्रस्त या वर्गातून काढून संकटग्रस्त या वर्गात ठेवले. या वाढीत पर्यटनाचा आणि माणसाला सरावलेल्या कुटुंबांचा वाटा किती, हाच वादाचा मुद्दा आहे.

सवय लावण्याची पद्धत ऐकायला सोपी आणि करायला जिकिरीची आहे. एखादे कुटुंब ठरले की माग काढणाऱ्यांची तुकडी रोज, एकही दिवस खंड न पाडता, त्याच्या मागावर जाते. सुरुवात आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून होते, कारण गोरिला दररोज संध्याकाळी नव्या जागी फांद्या आणि झुडपे वाकवून झोपण्यापुरते घरटे करतो आणि सकाळी ते सोडून देतो. घरटी मोजली की कुटुंबाची संख्या कळते आणि घरट्यातल्या लेंड्यांच्या आकारावरून नर, मादी, पिल्लू यांचा अंदाज येतो. पहिले कित्येक महिने कुटुंब माणसाची चाहूल लागताच किंचाळत पळते आणि मागे थांबलेला नर छाती बडवत, झाडोरा उपटत थेट अंगावर धावून येतो. अशा वेळी माणसाने जागचे हलायचे नसते. खाली बसायचे, नजर जमिनीकडे वळवायची, हाताशी येणारा पाला तोडून चघळल्यासारखे करायचे आणि गोरिला निवांत खाताना घशातून जो खोल, खाकरल्यासारखा आवाज काढतात तो काढत राहायचा. हे दोन वर्षे, कधी तीन वर्षे चालते. तोवर प्रत्येकाच्या नाकावरील सुरकुत्यांचे रेखाटन वहीत उतरलेले असते, कारण त्या सुरकुत्या दोन गोरिलांच्या कधी सारख्या नसतात, आणि प्रत्येकाला नावही मिळालेले असते. ब्विंडीत हे प्रथम मुबारे नावाच्या कुटुंबावर १९९१ पासून झाले आणि १९९३ मध्ये तेथे पहिले पर्यटक गेले.

आम्ही ब्विंडीच्या दक्षिणेकडील रुशागा विभागातून गेलो होतो. वनरक्षकाने वाटेत एका लेंडीवर हाताची पालथी बाजू टेकवून ती अजून ऊबदार असल्याचे सांगितले. त्यानंतर थोड्याच वेळात बिनतारी संचावर पुढच्या तुकडीचा निरोप आला, काठ्या आणि पाठपिशव्या खाली ठेवायला लावल्या गेल्या आणि मुखपट्ट्या चढल्या. गोरिला दिसण्याआधी त्यांचा वास आला, घामाचा आणि काहीसा आंबूस. सिल्व्हरबॅक, म्हणजे चंदेरी पाठीचा नर, पाठमोरा बसून एक वेल दोन्ही हातांनी आळीपाळीने खाली ओढत होता आणि तिची साल पुढच्या दातांनी सोलून आतला गर खात होता. त्याच्या बोटांची नखे माझ्या नखांसारखीच, फक्त काळी आणि रुंद होती. माग काढणाऱ्यांपैकी एकाने तो खाकरल्यासारखा आवाज काढला, नराने मान न वळवता तसाच आवाज परत दिला आणि खाणे पुढे चालू ठेवले. मला त्या क्षणी आनंदाबरोबर अस्वस्थताही वाटली. हा संवाद दोघांतील विश्वासाचा असेल, तर तो विश्वास मोडण्याची ताकद केवळ एका बाजूकडे आहे.

माझे मत असे आहे की सवय लावणे योग्य असू शकते, पण ते एकदा केले की मागे घेता येत नाही. माणसाला न घाबरणाऱ्या कुटुंबाजवळ पुढे कायम कोणीतरी रोज जावे लागते, पर्यटक असोत वा नसोत. ज्या सरकारला किंवा संस्थेला ही जबाबदारी पिढ्यान्पिढ्या पेलवणार नसेल, तिने नव्या कुटुंबांना हात लावू नये. आपल्याला काय वाटते?


सह्यशोधक

लेखन नेमके आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. वन्य प्राण्याकडे माणसापासून वाचण्याचे एकच शस्त्र असते आणि ते म्हणजे माणसाची भीती. ती काढून घ्यायची आणि मग त्याच्या रक्षणाची हमी द्यायची, हा व्यवहार मला पटत नाही. जून २०२० मध्ये ब्विंडीच्या न्कुरिंगो कुटुंबातील राफिकी हा सुमारे पंचवीस वर्षांचा सिल्व्हरबॅक मारला गेला, हे आपल्याला ठाऊक असेलच. मारणारा माणूस छोट्या हरणांच्या आणि रानडुकरांच्या शिकारीसाठी उद्यानात शिरला होता आणि नराने हल्ला केला म्हणून स्वसंरक्षणार्थ भाला चालवला असे त्याचे म्हणणे होते. त्याला पुढच्याच महिन्यात अकरा वर्षांची शिक्षा झाली, हे खरे. पण राफिकी गेला तो गेलाच आणि सतरा जणांचे त्याचे कुटुंब विखुरण्याची भीती निर्माण झाली. तो माणसाला सरावलेला नसता, तर शिकाऱ्याचा वास येताच कुटुंब घेऊन दूर गेला असता, असे मानायला जागा आहे.

दुसरे असे की, एका तासासाठी एवढे पैसे मोजणारा पर्यटक दहा मीटरचे अंतर पाळतो, यावर माझा विश्वास नाही. आपण स्वतः नखांचा रंग पाहिलात, तेव्हा अंतर किती होते, हे विचारण्याचा मोह आवरत नाही.


डोंगरवाट

सह्यशोधक, नखे दुर्बिणीतून पाहिली, पण आपली शंका रास्त आहे. अंतराचा नियम कागदावर पक्का आणि झाडीत ढिला असतो, कारण जागा अरुंद असते, उतार निसरडा असतो आणि पिल्ले स्वतःहून माणसांकडे येतात. आम्हालाही दोनदा मागे सरकवण्यात आले. एकदा तर मागे सरकायला जागाच नव्हती, तेव्हा वनरक्षकाने सगळ्यांना एका बाजूला दाटीवाटीने उभे केले.

२०१३ ते २०१९ या काळात पर्यटकांनी इन्स्टाग्रामवर टाकलेल्या ८५८ छायाचित्रांचा अभ्यास झाला होता आणि त्यांतील ८६ टक्के छायाचित्रांत माणूस गोरिलापासून चार मीटरच्या आत होता. त्या काळी नियम सात मीटरचा होता. मुखपट्टी सक्तीची आणि अंतर दहा मीटर झाले ते कोविडनंतर.

राफिकीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तो मारला गेला तेव्हा युगांडातील गोरिला पर्यटन कोविडमुळे बंद होते, गावांतील पोर्टर, स्वयंपाकी, हस्तकला विकणाऱ्या बायका या सगळ्यांचे उत्पन्न एका फटक्यात थांबले होते आणि लोक पुन्हा जंगलात शिकारीचे फास लावू लागले होते. सवय लावल्यामुळे तो मेला हे म्हणताना, त्या सवयीच्या आधारावर उभी राहिलेली व्यवस्था कोलमडली तेव्हाच तो मेला, हेही ध्यानात घ्यावे लागेल.


गुरांचा डॉक्टर

मी गायी-म्हशींचा पशुवैद्य आहे, वन्यजीवांचा नव्हे. परंतु या विषयावरील वैद्यकीय लेखन बरीच वर्षे आवडीने वाचतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गोरिलाला भाल्यापेक्षा आपल्या शिंकेचा धोका अधिक आहे. आपली आणि त्याची जनुकीय रचना जवळजवळ ९८ टक्के सारखी आहे, त्यामुळे आपल्याला दोन दिवसांच्या सर्दीवर सोडून जाणारा विषाणू त्याच्या फुप्फुसांत उतरू शकतो. २००९ मध्ये रवांडातील हिरवा नावाच्या कुटुंबात श्वसनाचा आजार पसरला आणि एक प्रौढ मादी व एक पिल्लू दगावले. तपासणीत माणसांत आढळणारा मेटान्यूमो विषाणू सापडला. त्याआधी १९८८ मध्ये विरुंगात गोवरासारखी साथ येऊन सहा गोरिला मेले, तेव्हा पशुवैद्यांनी सुमारे ६५ गोरिलांना जंगलातच बाण मारून गोवराची लस दिली. ब्विंडीत १९९६ मध्ये खरूज आली. अंगावरचे केस झडले, खाजवून खाजवून कातडी जाड झाली आणि एक पिल्लू त्यातच गेले. उरलेल्यांना आयव्हरमेक्टिन देऊन वाचवले गेले, जे औषध मी रोज गोठ्यात वापरतो. खरूज कोठून आली याचा संशय शेतातील बुजगावण्यांवर घातलेल्या जुन्या कपड्यांवर होता, कारण ते कुटुंब केळीच्या बागांत येत असे.

या प्रकरणाचा तपास ज्यांनी केला त्या डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका या युगांडा वन्यजीव प्राधिकरणाच्या पहिल्या पशुवैद्य. त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. गोरिलाची खरूज थांबवायची असेल तर आधी गावातल्या मुलांची खरूज थांबवली पाहिजे, असे त्यांना दिसले. म्हणून २००३ मध्ये त्यांनी एक संस्था काढली, जी गावांतील क्षय, खरूज, जंत, शौचालये आणि कुटुंबनियोजन यांवर काम करते आणि त्याच वेळी गोरिलांच्या विष्ठेचे नमुने तपासते. पुढे शेतकऱ्यांकडून चांगल्या दराने कॉफी घेण्याचा उपक्रमही त्यांनी सुरू केला.

सह्यशोधक यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सवय न लावलेल्या कुटुंबाला आजार झाला किंवा पिल्लाच्या मनगटात तारेचा फास रुतला, तर डॉक्टर त्याच्याजवळ पोहोचूच शकत नाही. बहुतेक वेळा ते कोणाला कळतही नाही. सरावलेल्या कुटुंबाबाबत सकाळी अकरा वाजता निरोप येतो आणि दुपारी बाण मारून भूल देता येते. विरुंगातील १९६७ ते २००८ या काळातील नोंदींवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सरावलेल्या कुटुंबांची संख्या वर्षाला ४.१ टक्क्यांनी वाढत होती आणि न सरावलेल्यांची ०.७ टक्क्यांनी घटत होती, असे आढळले. दोन्हींना उद्यानाचे नेहमीचे संरक्षण होते. फरक रोजच्या पहाऱ्याचा आणि उपचाराचा होता. अर्थात डॉक्टर प्रत्येक दुखण्याला हात लावत नाहीत. दोन नरांच्या मारामारीतील जखम ते सहसा तशीच सोडतात. फास, श्वसनाचा आजार किंवा जीव जाईल असे काही असेल तरच मध्ये पडतात.


हिशेबनीस

चर्चा उत्तम चालली आहे, तिच्यात व्यवहाराची भर घालतो. युगांडात परदेशी पाहुण्याला एका दिवसाचा परवाना जुलै २०२४ पासून ८०० डॉलरला पडतो, म्हणजे साधारण सत्तर हजार रुपये. रवांडाने २०१७ मध्ये आपले शुल्क एका रात्रीत ७५० वरून १५०० डॉलर केले. एका कुटुंबापाशी दिवसाला एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसे, एक तास, असा नियम धरला तर ब्विंडीतील एक कुटुंब दिवसाला ६४०० डॉलर मिळवून देऊ शकते. यातले त्या डोंगरात राहणाऱ्या शेतकऱ्याला किती मिळतात, हे कोणी सांगू शकेल काय? आणि विमान, व्हिसा, गाडी, मुक्काम धरून मध्यमवर्गीय मराठी माणसाने हा खर्च कसा बसवावा?


कंपालावासी

नोकरीनिमित्त येथे युगांडात बरीच वर्षे राहत असल्यामुळे हिशेबनीस यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. कायद्याने उद्यानाच्या प्रवेश शुल्काचा २० टक्के हिस्सा आसपासच्या गावांना जातो आणि त्याखेरीज प्रत्येक गोरिला परवान्यामागे १० डॉलर वेगळे काढले जातात. ८०० मधले १० ही रक्कम किती अपुरी आहे, हे वेगळे सांगायला नको. या पैशांतून शाळेच्या खोल्या, रस्ते, शेळ्या, बियाणे अशी कामे होतात. ती डोळ्यांना दिसतात, पण ज्याच्या केळीच्या बागेचे नुकसान झाले त्याच्याच हाती पैसे पडतील असे नाही. गोरिलाला केळीची फळे फारशी नकोत, त्याला खोडाचा गाभा हवा असतो. म्हणजे एका सकाळी वर्षाचे पीक आडवे होते. माणसाची भीती गेलेले कुटुंब उद्यानाबाहेर अधिक वेळ काढते, ही गोष्ट ब्विंडीच्या न्कुरिंगो विभागालगतच्या शेतकऱ्यांनी प्रथम अनुभवली. तेथे उद्यानालगत सुमारे १२ किलोमीटर लांबीचा जमिनीचा पट्टा विकत घेऊन मोकळा सोडावा लागला. काही ठिकाणी कडेला चहा लावतात, कारण तो गोरिलांना आवडत नाही. गावोगावी स्वयंसेवकांची पथके आहेत, जी घंटा आणि हाकाटी करून कुटुंबाला पुन्हा झाडीत घालवतात. यांना मिळणारा मोबदला किरकोळ असतो, आणि सिल्व्हरबॅकसमोर घंटा वाजवत उभे राहणे हे काही किरकोळ काम नव्हे.

येथील खरा थेट लाभ पोर्टरला होतो. उद्यानाच्या दाराशी गणवेशातली मुले-मुली उभी असतात, पंधरा-वीस डॉलरमध्ये ती आपली पिशवी उचलतात आणि उतारावर हात देतात. दोन तासांपूर्वीपर्यंत ज्याला मदतीची गरज नव्हती तो ट्रेकरसुद्धा पहिल्या ओढ्यानंतर त्यांचा हात सोडत नाही. आपल्याकडील सराईत गडप्रेमी "मला पोर्टर कशाला" म्हणून नाकारतात, तेव्हा त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की गरज आपली नसली तरी पैसे द्या. फास लावण्यापासून माणसाला परावृत्त करणारी याहून स्वस्त योजना मला ठाऊक नाही.

आता एक मुद्दा, जो या धाग्यात अद्याप आलेला नाही. १९९१ मध्ये ब्विंडी आणि शेजारचे म्गाहिंगा राष्ट्रीय उद्याने झाली, तेव्हा त्या जंगलात पिढ्यान्पिढ्या मध, कंद आणि शिकार यांवर जगणाऱ्या बात्वा लोकांना बाहेर काढण्यात आले. त्यांच्याकडे जमिनीची कागदपत्रे नव्हती, त्यामुळे बहुतेकांना भरपाई मिळाली नाही आणि ते इतरांच्या शेतावर मजुरी करत भूमिहीन झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, पण निर्णय हाती पडणे आणि जमीन हाती पडणे यांत अंतर असते. आज पर्यटकांना बात्वांच्या जुन्या जीवनाची सफर घडवली जाते, अग्नी कसा पेटवत, मध कसा काढत ते दाखवले जाते. ज्या जंगलातून हाकलले त्याच जंगलाच्या कडेला तिकीट लावून स्वतःचे पूर्वायुष्य करून दाखवणे, हे पाहताना मला तरी टाळ्या वाजवता आल्या नाहीत. गोरिलांची संख्या वाढली या आकड्याखाली ही किंमतही लिहिली गेली पाहिजे.


सह्यशोधक

कंपालावासी, बात्वांविषयी लिहिलेत याबद्दल आभार. मेळघाटातील पुनर्वसनाची चर्चा आपण येथे अनेकदा केली आहे, त्यामुळे वाचताना सगळे ओळखीचे वाटले.

डॉक्टरसाहेबांनी दिलेली ४.१ आणि ०.७ ही तुलना मला विचारात पाडते, आणि माझा विरोध तिने पुष्कळ सैल केला आहे. तरीही एक शंका उरते. सरावलेल्या कुटुंबांत लोकसंख्या वाढते, हे पहाऱ्यामुळे आणि औषधांमुळे असेल, तर मग त्यासाठी पर्यटक कशाला हवेत? केवळ संशोधनासाठी सरावलेली कुटुंबेही आहेतच. त्यांच्याजवळ रोज मोजकी, तीच ती माणसे जातात. आठ परक्या नाकांपेक्षा ते केव्हाही बरे.


डोंगरवाट

आपण अगदी मर्मावर बोट ठेवलेत. तत्त्वतः आपले बरोबर आहे. अडचण एवढीच की माग काढणाऱ्याचा पगार कोणीतरी द्यावा लागतो. १९७९ मध्ये रवांडात बिल वेबर आणि एमी वेडर या संशोधकांनी गोरिला पर्यटनाची योजना पुढे आणली, तेव्हा तेथील उद्यानाची आणखी जमीन गुरांसाठी तोडण्याचा प्रस्ताव सरकारसमोर होता आणि गोरिलांपासून देशाला काय मिळते, या प्रश्नाला त्यांना पैशांत उत्तर द्यायचे होते. विरुंगात गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायन फॉसी यांचा अशा पर्यटनाला कडवा विरोध होता, हेही प्रसिद्ध आहे. त्यांच्या लाडक्या डिजिट नावाच्या गोरिलाला १९७७ च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारले होते आणि तो त्यांच्याच संशोधनामुळे माणसाला सरावलेला होता. म्हणजे संशोधनाने लावलेली सवयदेखील सुरक्षित असतेच असे नाही.

मला वाटते, आपण संख्येवर बोलावे. ब्विंडीत २०१८ च्या गणनेत ५० कुटुंबे आणि १३ एकटे नर आढळले. त्यांपैकी किती कुटुंबे सरावलेली असावीत, याला कोठेतरी मर्यादा हवी. मागणी वाढते म्हणून दर दोन वर्षांनी नवे कुटुंब पर्यटनासाठी खुले करायचे, ही वाट धोक्याची आहे. एखादी साथ आली तर कधीही माणूस न पाहिलेली कुटुंबे हाच आपला राखीव साठा असेल. रुशागात आता चार तासांचा एक वेगळा परवाना मिळतो, ज्यात सवय लावण्याचे काम चालू असलेल्या कुटुंबाबरोबर चार पर्यटकांना नेतात आणि त्याचे १८०० डॉलर घेतात. मला तो पटत नाही. ज्या कुटुंबाची भीती अजून गेलेली नाही, त्याच्यासमोर तासभराऐवजी चार तास अनोळखी माणसे नेण्यात गोरिलाचे हित कोणते, याचे समाधानकारक उत्तर मला तेथे कोणी दिले नाही.


गुरांचा डॉक्टर

चार तासांच्या परवान्याबाबत सहमत आहे. संसर्गाचा धोका अंतर, वेळ आणि माणसांची संख्या यांवर ठरतो. माणसे आठावरून चार केली आणि वेळ एकावरून चार तास केला, तर हिशेबात गोरिलाच्या पदरी काही पडत नाही.


अपर्णा_ठाणे

विषय गंभीर आहे हे मान्य करून काही व्यावहारिक प्रश्न विचारते. माझ्या आईचे वय ६८ आहे, गुडघे कुरकुरतात, पण इच्छा दांडगी आहे. तिला नेता येईल का? माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याचे काय? आणि सुरक्षिततेची खात्री कितपत देता येते?


कंपालावासी

अपर्णाताई, मुलाला या खेपेला आणू नका. किमान वय पंधरा पूर्ण असावे लागते आणि पासपोर्ट पाहिला जातो. लहान मुलांचे आजार गोरिलांना लागू शकतात, हे त्यामागचे कारण आहे.

आईंना अवश्य आणा. सकाळी माहिती देण्यासाठी सगळ्यांना जमवतात, तेव्हाच वनरक्षकाला वय आणि गुडघ्यांविषयी सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी जवळ असलेल्या कुटुंबाच्या गटात नाव घालता येते का, हे ते पाहतात. जवळ म्हणजे अर्धा तास की दोन तास, हे मात्र गोरिलाच ठरवतात. अगदीच चालवत नसेल तर खुर्चीवजा डोली मिळते, जी आठ-दहा माणसे आळीपाळीने खांद्यावर नेतात. तिला येथे गमतीने "हेलिकॉप्टर" म्हणतात. तिचे भाडे काही शे डॉलर असते. त्यात बसायला संकोच वाटेल, पण ते पैसे थेट गावात जातात.

सुरक्षिततेचे म्हणाल तर १ मार्च १९९९ रोजी रवांडातून पळालेल्या बंडखोरांनी सीमा ओलांडून ब्विंडीच्या बुहोमा विभागात हल्ला केला आणि आठ परदेशी पर्यटकांना ठार मारले, हा काळा दिवस येथे कोणी विसरलेले नाही. तेव्हापासून लष्कराचा कायम पहारा आहे. गटाबरोबर असणाऱ्या बंदुका मुख्यतः जंगली हत्तींना हवेत बार काढून पांगवण्यासाठी असतात. सीमेपलीकडे काँगोतील विरुंगा उद्यानाकडे मात्र सध्या कोणी वळू नये. त्या उद्यानाच्या रक्षणात आजवर २०० हून अधिक वनरक्षकांनी प्राण गमावले आहेत, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.


हिशेबनीस

माझ्या दुसऱ्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही, तो पुन्हा मांडतो. खर्च कसा बसवावा आणि तयारी कोठून सुरू करावी?


डोंगरवाट

सुरुवात लसीपासून करावी. युगांडात जाताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि भारतात परतताना ते त्याहून काटेकोरपणे तपासले जाते. नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि सरकारमान्य केंद्रांवर दिवस ठरलेले असतात, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

मुंबईहून युगांडातील एंटेबे विमानतळाला थेट विमान ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले, त्यामुळे प्रवास सुटसुटीत झाला आहे. वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. एंटेबेहून ब्विंडीला रस्त्याने आठ ते दहा तास लागतात. खर्च वाचवायचा असेल तर चौघांनी मिळून गाडी करावी आणि मुक्काम साधा घ्यावा. परवान्यात मात्र सूट शोधत बसू नये, आणि कोणी फार स्वस्तात देऊ केला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. परंतु ते पर्जन्यवन आहे, तेव्हा पावसाळी अंगरखा जानेवारीतही लागतो. बागकामाचे जाड हातमोजे न्यावेत, कारण तोल गेल्यावर आपण जे झुडूप पकडतो ते नेमके खाजकुयलीच्या जातकुळीतले निघते. पँट मोज्यांत खोचावी, मुंग्या वर चढतात. छायाचित्रे काढताना फ्लॅश बंद ठेवावा. आणि सर्दी-खोकला असेल तर त्या सकाळी लपवू नये. परवान्याचे पैसे गेले तर गेले.


अपर्णा_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शेवटची शंका. मी ज्यांच्याकडे चौकशी केली त्या प्रवास कंपनीने मुक्काम बुहोमाला दाखवला आहे आणि परवाना रुशागाचा आहे. नकाशावर दोन्ही एकाच जंगलाच्या कडेला दिसतात, तेव्हा यात अडचण नसावी ना?


कंपालावासी

मोठी अडचण आहे. बुहोमा जंगलाच्या उत्तरेला आणि रुशागा दक्षिणेला आहे, मधून गाडीरस्ता जात नाही आणि वळसा घालून जायला घाटरस्त्याने तीन तासांहून अधिक लागतात. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास उद्यानाच्या दाराशी हजेरी लागते. उशीर झाल्यास गट आपल्यासाठी थांबत नाही. ब्विंडीचे बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो असे चार विभाग आहेत आणि परवाना विशिष्ट विभागाचाच असतो. आधी परवाना कोणत्या विभागाचा मिळतो ते पक्के करून घ्या आणि मगच त्या विभागातली खोली घ्या. आईंसाठी विचारत असाल तर बुहोमाचाच परवाना मिळतो का ते पाहा. तेथील वाटा दक्षिणेकडच्या मानाने सौम्य आहेत, आणि कंपनीने मुक्काम तेथे दाखवलाच आहे, तर बदल परवान्यात करायला सांगा.